सहा वर्षांच्या भाच्याला सिकलसेल निघाला आहे. जीन थेरपीने तो बरा होतो म्हणतात, मग रोजच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू करायच्या की थांबायचं?

थांबू नका. माझी ताई आणि धाकटा भाऊ दोघंही एसएस आहेत, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेले, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातही निघाला होता.

आई-बाबा दोघं वाहक, म्हणजे दोघांत ते जनुक एकेकच. ताई-भावाचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर पॅटर्न एकच. पण ताईला वर्षाकाठी एखादा तीव्र वेदनांचा झटका येतो, आणि भावाला दहावीपर्यंत सात वेळा रक्त चढवावं लागलं.

आजार तसा सरळ: लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी 1949 सालीच दाखवलं. काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका बदल शोधला: त्या रेणूच्या बीटा नावाच्या साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी (प्रथिनाचे घटक) फक्त सहावं बदललेलं. एवढं कळूनही दोन भावंडांत इतका फरक का, ते या एका बदलावरून सांगता येत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन (जन्माआधी बाळाच्या रक्तात असतं ते) कुणाच्या रक्तात जास्त टिकतं, त्याला त्रास कमी, हा एक भाग. बाकी ताप, थंडी, पाणी कमी पडणं, वेळेवर दवाखाना मिळणं.

तुम्ही ऐकलेली जीन थेरपी बहुधा कॅसजेव्ही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, तीही 12 वर्षांपुढच्या, वारंवार झटके येणाऱ्या रुग्णांसाठी. किंमत 22 लाख डॉलर. आधी जोरकस केमोथेरपीने हाडांतली मज्जा (जिथे रक्त तयार होतं) रिकामी करतात, त्यात पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. आणि ती मूळ चूक दुरुस्त करतच नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करते. तेच काम, कमी प्रमाणात का होईना, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी करते. भावाचे झटके तिनेच कमी झाले. ती पूर्वीपासून कॅन्सरवर वापरात होती, जनुकांच्या संशोधनातून आलेली नाही.

भाच्याला सख्खं भावंड असेल तर मज्जा जुळते का, हे रक्तविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. जुळली तर त्याची मज्जा भाच्याला देतात, तो उपचार आजही आहे. गोळीचा डोस त्यांनाच ठरवू द्या, रक्ततपासणी चुकवू नका. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची) लस झाली नसेल तर ती घ्या. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक बाईंना सांगून ठेवा. रात्री ताप चढला तर सकाळ व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठा.