एकाच उन्हात लोखंड पोळतं आणि लाकूड नाही, असं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, बागेत शेजारी शेजारी असलेल्या दोन बाकांपैकी लोखंडी बाकच का पोळतो, आणि तापमान तेवढंच असताना एखाद्या दिवशी ऊन जास्त का लागतं. मी अकोल्याचा. शाळेत विज्ञान शिकवण्यात उभी हयात गेली आणि दर उन्हाळ्यात हा प्रश्न वर्गात यायचाच.

आपला हात तापमान मोजतच नाही. उष्णता किती वेगाने हातात शिरते, तेवढंच त्याला कळतं. समजा, दोन्ही बाक तापून 60 अंशांवर आलेत आणि तुमच्या तळहाताची कातडी 34 अंशांवर आहे. लाकडावर हात टेकला की स्पर्शाच्या जागेची उष्णता हातात येते, पण आतली उष्णता मागून लवकर पोचत नाही. त्यामुळे हात आणि लाकूड जिथे भेटतात तिथलं तापमान पहिल्या क्षणी 41 च्या आसपास राहतं. लोखंडात मात्र आतून उष्णतेचा लोंढा येतो आणि तीच जागा 58 पर्यंत जाते. साधारण 43–44 च्या पुढे कातडीला वेदना सुरू होते. म्हणजे बाक दोन्ही सारखेच गरम, पण एक नुसता कोमट लागतो आणि दुसरा चटका देतो. डिसेंबरच्या पहाटे हेच लोखंड लाकडापेक्षा गार लागतं, तेही याच कारणाने. तेव्हा ते हातातली उष्णता झरझर ओढून घेतं.

हे सगळं शिकवत असूनही माझी एक चूक झाली. मुलगी चार वर्षांची असताना एप्रिलमध्ये, दुपारी चारच्या सुमाराला तिला बागेत नेलं. ऊन कललंय, आता हरकत नाही, असं मला वाटलं. घसरगुंडीच्या पत्र्यावर तळहात ओझरता फिरवला आणि तिला वर बसवलं. अर्ध्यात येईपर्यंत ती किंचाळली. दोन्ही मांड्यांच्या मागे लालभडक पट्टे उठले होते. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो, नेमकं काय चुकलं ते शोधत.

पहिलं म्हणजे कोन. चार वाजता सपाट जमिनीवर ऊन तिरपं पडतं, म्हणून ते उतरल्यासारखं वाटतं. पण ती घसरगुंडी पश्चिमेला उतरत होती, म्हणजे पत्र्यावर ऊन जवळजवळ काटकोनात पडत होतं. दुसरं म्हणजे पत्र्याची चकाकी. चकचकीत पत्रा बरंच ऊन परतवतो हे खरं, पण जे थोडं शोषतो ते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपाने बाहेर टाकायला तो फार कंजूष असतो. म्हणून कोरा पत्रा पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो. आमच्याकडे लोक टिनाच्या छपरावर चुना मारतात तो उगाच नाही. चुना ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णताही सहज सोडून देतो. तिसरी गोष्ट माझ्या हाताची. मोठ्या माणसाच्या तळहाताची कातडी जाड असते, लेकराच्या मांडीची पातळ. मी तपासलं ते माझ्यासाठी, तिच्यासाठी नाही.

आता दुसरा प्रश्न. बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतल्या हवेचं असतं. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास तापमापक ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, पायाखालचं डांबरही नाही. उघड्यावर उभ्या माणसावर मात्र निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरला हजारेक वॅट ऊर्जा पडत असते, शिवाय तापलेली भिंत आणि रस्ता आपापली उष्णता त्याच्यावर फेकत असतात. त्यामुळे आकडा 42 चाच असला तरी झाडाखालचे 42 आणि चौकातले 42 यांत फार अंतर असतं.

त्यात हवेतल्या ओलाव्याची भर. आमच्याकडे मे महिन्यात 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 23 च्या आसपास उतरतो. मुंबईत 34 अंश आणि 70 टक्के असेल, तर तोच 29 पर्यंत येऊन अडकतो. आपलं घामेजलेलं अंगही त्या ओल्या फडक्यासारखंच, ओल जितकी झटपट उडेल तितकं गार पडतं. म्हणून वाळ्याची ताटी नि कूलर इथे जीव वाचवतात आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतात. पण कोरडी हवा सोसते म्हणून तिला सौम्य समजू नका. घाम वाळून जातो, दिसत नाही, आणि अंगातलं पाणी किती गेलं याचा पत्ता लागत नाही. हवा कातडीपेक्षा गरम झाली की घाम नसलेल्या अंगाला वाराही थंडावा देईनासा होतो. त्याच आमच्या झळा.

आईच्या गावच्या घरी अंगण शेणाने सारवलेलं असायचं. सकाळी सडा घातला की ओल उडताना जमीन थंड राहायची. दुपारी वरचा थर तापायचा, पण कोरडी माती उष्णता हळू देते, म्हणून तिथे अनवाणी चालता यायचं. शेजारच्या काळ्या दगडी पायरीवर मात्र आम्ही टाचांवर उड्या मारत जायचो. आता त्या अंगणात सिमेंट आहे. रात्री दहालाही ते दिवसभराची साठवलेली उष्णता सोडत असतं आणि बाज बाहेर टाकायची सोय उरली नाही.

घरात लहान मूल असेल तर घसरगुंडी, झोक्याची साखळी, गाडीतल्या पट्ट्याचं बक्कल यांना मनगटाची आतली बाजू नीट टेकवून बघत जा. तिथली कातडी लेकराच्या कातडीच्या जास्त जवळची असते.