दगडी पाला चरकाने पाहिला होता का?

प्रश्न : बाई, माझ्या सहावीतल्या लेकीला परिसरातल्या एका वनस्पतीवर प्रकल्प करायचा आहे. तिने दगडी पाला निवडलाय. लहानपणी आमचा गुडघा फुटला की आजी तोच चोळून लावायची. व्हॉट्सॲपवर आलंय की तो चरकसंहितेत सांगितला आहे. वहीत तसं लिहिलं तर चालेल ना?
– एक वाचक, बारामती

उत्तर : नाही चालणार. चरकाच्या दृष्टीला दगडी पाला पडणं शक्यच नव्हतं. तो मूळचा मेक्सिकोचा आणि त्याच्या खालच्या उष्ण अमेरिकेचा. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतरच तिकडची झाडंझुडपं इकडे यायला लागली. मिरची तशीच आली, टोमॅटोही. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचाच! (हे वर्गात सांगितलं की पोरं घरी जाऊन आजीशी भांडायची.) लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली दगडी पाल्याचं शास्त्रीय नाव नोंदवलं, ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. यातलं प्रोकंबेन्स म्हणजे जमिनीसरसा पसरणारा.

म्हणून तुमच्या आजी चुकल्या असं मात्र नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. प्रथमोपचार पेटीत जांभळ्या औषधाची बाटली असायची, बहुतेकदा रिकामी. कबड्डीत कोणी आपटलं की शिपाईमामा कंपाउंडच्या कडेचा पाला ओरबाडून तळहातावर रगडायचे आणि रस जखमेवर पिळायचे. झोंबायचा चांगलाच, पण खरचटलेलं थांबायचं. जखम भरण्यावर या पाल्याचा काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत उंदरांवर तपासलंही गेलंय. तरी आज मी कुणा पोराला तो लावणार नाही. रस्त्याकडेचा पाला म्हणजे धूळ, गाडीचं काळं, कुत्र्यांचे पराक्रम. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि पाला कितीही गुणी असला तरी ते त्याच्यासोबत जखमेत जायचे. साबण-पाण्याने धुवा, जखम खोल असेल तर डॉक्टरकडे न्या.

लेकीला ओळखीची खूण सांगा. लांब, केसाळ दांडी, तिच्या टोकाला एकच फूल, म्हणून एकदांडी. ते ‘एक’ फूलही खरं तर सूर्यफुलासारखा गुच्छ असतो. कडेला बहुधा पाच फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाचा. भिंगाखाली मोजायला लावा. मधली पिवळी टिकली म्हणजे बारीक बारीक फुलांची दाटी. फूल सुकलं की प्रत्येक बीला पिसांची छत्री फुटते आणि एक फुंकर पुरते. बारामतीच्या फुटपाथच्या फटीत ते कसं पोचलं, याचं उत्तर तिला तिथेच मिळेल.

आणि आजीची गोष्ट वहीत जरूर लिहा, फक्त ‘आमच्या घरी असं करत’ या मथळ्याखाली. गाजर गवत मात्र चुकून उपटून आणू नका, हाताला खाज सुटेल.