पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला फार वेळ सेल मारावा लागतो. मिस्त्री म्हणतो बॅटरी गेली. बदलू का?

आधी बॅटरीचे पैसे खिशातच ठेवा. तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय की, दहा-बारा सेकंद सेल मारून वैतागून किल्ली सोडली की कधीकधी नेमकी तेव्हाच गाडी चालू होते. मला तर सगळं उत्तर तिथेच दिसतंय.

परभणीत वडिलांची पद्मिनी मीच सांभाळतो. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडून-तोडून ठिणगी पाडणारे छोटे संपर्क, घासून घासून कंटाळलो आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून घेतलं, त्यानंतर महिनाभर हाच ताप. बॅटरी नवी टाकली, सेल्फचे ब्रश बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलला. फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. शेजारच्या सीटवर बसले, टेप लावला आणि म्हणाले, "मारा सेल." सेल मारताच टेपचा लाइट गेला, किल्ली सोडली, परत लागला. "मालक, टेप इझतोय तसं तुमचं किट बी इझतंय की!" किट बसवणाऱ्याने लाल वायर टेपच्या वायरलाच जोडली होती.

बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टवर नेली की टेप-पंख्याची लाइन बंद होते. म्हणजे सेल फिरतोय तोवर किटला करंटच नाही. किल्ली सोडली की करंट येतो, इंजिन अजून जरा फिरत असतं, तेवढ्यात ठिणगी पडते आणि गाडी पकडते.

दुसरी शक्यता बॅलास्ट रेझिस्टरची, म्हणजे कॉइलला जाणारा करंट आवरणाऱ्या रोधाची. इग्निशन कॉइलजवळ (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) चिनीमातीचा पांढरा ठोकळा दिसतोय का बघा. तो साधारण दीड ओहमचा, कॉइलही दीडची. सेल मारताना बॅटरी 12.6 वरून 10 व्होल्टवर आली, तर त्यातले निम्मे तो ठोकळाच खातो. कॉइलच्या प्लसवर उरतात जेमतेम 5-6. किटची लाल वायर तिथून घेतली असेल तर एवढ्यावर बरीच किटं जागीच होत नाहीत. पॉइंट बिचारे तेवढ्यातही कशीबशी ठिणगी टाकायचे, म्हणून आधी तुम्हाला हे जाणवलं नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. काळी पिन इंजिनच्या ब्लॉकला, लाल पिन किटच्या लाल वायरला, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मग तेच बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. बॅटरीवर 10 आणि किटवर 5 किंवा शून्य आलं, तर चोर सापडला. लाल वायर अशा जागेवरून घ्या, जिथे किल्ली ऑन असो वा स्टार्टवर, पूर्ण करंट मिळतो, आणि बॅलास्टच्या अलीकडून, म्हणजे किल्लीकडच्या बाजूने. बॅलास्ट मात्र उपटून टाकू नका, नाहीतर दीड ओहमची कॉइल तापून जाईल. बॅटरीवरच 9.5 च्या खाली गेलं तर मग मिस्त्री म्हणतो ते खरं: बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा इंजिनची अर्थिंग. गाडीला अजून डायनामो असेल आणि ती गावातल्या गावातच फिरत असेल, तर बॅटरी उपाशी राहतेच.

आकडे बरोबर आले तर पिकअपकडे वळा, म्हणजे ठिणगी कधी टाकायची ते किटला सांगणाऱ्या सेन्सरकडे. चुंबक आणि तारेची गुंडाळी असलेला पिकअप असेल, तर इंजिन जितकं हळू फिरेल तितका त्याचा सिग्नल कमजोर. पिकअप आणि त्याच्यासमोर फिरणारा भाग यांतला गॅप थोडा जास्त राहिला तरी धावताना गाडी झकास, चालू होताना मात्र रडते. किटच्या कागदावरचा गॅप पितळी फीलरने (फट मोजायच्या पातळ पातीने) लावा. लोखंडी पाती चुंबकाला चिकटते आणि माप चुकतं. किट बसवल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुन्हा लावलं होतं का, तेही विचारा. सेल उलटा झटका देत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय.

पेट्रोलचा संशय मी घेत नाही. दोन दिवस उभी राहिल्यावरच गाडी छळत असती, तर कार्बोरेटर कोरडा पडतोय म्हटलं असतं. तुमची तर लातूरहून औशाला जाऊन आल्यावर, गरम असतानाही तशीच करते.

सेल मारतानाचे दोन्ही आकडे इथे टाका, आणि बोनेटखालचा एक फोटो, लाल वायर कुठे जाते ते दिसेल असा.