मोहिनी म्हणजे भुलवणारी स्त्रीच का?

‘मोहिनी म्हणजे पुरुषांना नादी लावणारी स्त्री का, आणि हे नाव मुलीला ठेवावे का’, असे आपण विचारले आहे. माझे माहेरचे नावच मोहिनी असल्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

1979 साली वाईहून लग्न होऊन मी सांगलीत आले. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा यजमान हळूच म्हणाले, ‘मोहिनीच राहू द्या.’ त्यावर आत्येसासूबाई सर्वांसमक्ष म्हणाल्या, ‘बघा, उंबरा ओलांडला नाही तोच पोरावर मोहिनी घातली!’ सगळे हसले आणि तांदळात ‘सुमती’ उमटले. त्याच घरात माझ्या थोरल्या दिरांचे नाव मोहन होते. दोन्ही नावे ‘मुह्’ या एकाच धातूतून आली आहेत आणि भुरळ पाडणे हाच दोन्हींचा अर्थ आहे. तरी मोहन म्हटले की कृष्ण आठवतो आणि मोहिनी म्हटले की बाईची वर्तणूक तपासली जाते. नव्या सुनेने हे बोलून दाखवायचे नसते, म्हणून आज लिहीत आहे.

मराठी बोलण्यात मोहिनी ही बहुधा व्यक्ती नसतेच. ती ‘घातली’ जाते, ‘पडते’, म्हणजे शब्दाचा रोख भुरळीवर असतो आणि ती घालणारी बाईच असावी असेही नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीत तरी हे सांगावे लागू नये. शालू नेसून रंगमंचावर येणाऱ्या बालगंधर्वांची मोहिनी कशी होती, हे आत्येसासूबाईच आम्हांला डोळे मिटून सांगत असत! पुराणातली मोहिनी तर साक्षात विष्णू. देवांना अमृत वाढणारी आणि भस्मासुराला नाचवून त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावणारी. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात मोहिनीराजाचे देऊळ आहे, आणि वैशाख शुद्ध एकादशीला मोहिनी एकादशी म्हणतात. तो उपवास आत्येसासूबाई निष्ठेने करीत आणि खिचडी मी करीत असे.

बाईला हिणवायचेच असेल तर मराठीत ‘नटवी’पासून ‘टवळी’पर्यंत शब्दांचा तुटवडा नाही, त्यासाठी मोहिनीला राबवण्याचे कारण नाही. अर्थात पुराणातल्या मोहिनीने असुरांना फसवले हे खरेच आहे, आणि दक्षिणेकडे मोहिनी नावाच्या हडळीच्या गोष्टी सांगतात, तेव्हा आपले सोयरे तिकडचे असतील तर आधी त्यांना विचारून घ्यावे. एरवी नाव खुशाल ठेवावे. मात्र लग्नात ते बदलू देऊ नये. शाळेच्या दाखल्यावर मोहिनी आणि रेशनकार्डावर सुमती असल्यामुळे या दोघी एकच आहेत, अशी प्रतिज्ञापत्रे मी आजतागायत करीत आहे.