एच-वन-बी वर असताना कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाची शिकार करता येते का? तयारीपासून मांस आणि शिंगांपर्यंत सगळं सांगाल का?

करता येते. मी डेन्व्हरला आलो तेव्हा मलाही वाटायचं की बंदुकीला हात लावला की व्हिसा गेलाच. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे खरी, पण त्यातच सूटही आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ती बंदी लागत नाही. 'चालू' या शब्दाकडे नीट बघा. मित्राची रायफल दोन दिवस उसनी घेतली तरी नियम तोच. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा तुमच्या प्रकरणात काही गुंता असेल तर आधी वकिलाला विचारा.

लायसन्सच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागतो, म्हणजे तुम्हाला लागणारच. मग टॅगचा ड्रॉ, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्याची सोडत. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, त्यामुळे ऑक्टोबरात जायचं तर विचार मार्चमध्येच पक्का हवा. कोलोरॅडोत सलग सहा महिने राहिला असाल तर रहिवासी म्हणून अर्ज करा. बाहेरच्यांना बुलचा, म्हणजे नराचा, टॅग आठशे डॉलरच्या आसपास पडतो, आपल्याला त्याच्या दशांशाहून कमी.

पहिल्या वर्षी शिंगांच्या मागे लागू नका, मादीचा टॅग मागा. बऱ्याच युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागांत, तो लवकर मिळतो आणि मांसही कोवळं असतं. मादीला इथे 'काऊ' म्हणतात. मी आनंदाच्या भरात कोल्हापूरला फोन करून "आई, मला काऊ टॅग मिळाला" असं सांगितलं आणि पुढची दहा मिनिटं हे जनावर हरणाच्या कुळातलं, आपल्या सांबराचं थोरलं भावंड आहे, हे समजावण्यात गेली. आणखी एक घोळ: युरोपात 'एल्क' म्हणजे मूस, ते वेगळंच हरण. तिकडचे व्हिडिओ बघून अभ्यास करू नका.

रायफलच्या हंगामात कमरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. बाकी सामानाच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत. मी दोनच गोष्टी सांगतो. एक, पाय. नऊ-दहा हजार फुटांवर पाठीवर ओझं घेऊन चढायचं असतं, तेव्हा जूनपासून पाण्याचे कॅन सॅकमध्ये भरून डोंगर चढा. दोन, वारा. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जायला लागते. एल्कला तुम्ही दिसलात तर एखादे वेळी तो थबकून बघत राहील. वास लागला तर संपलं.

आता खरं काम. मी पहिली मादी फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या बाजूला एका घळीच्या तळाशी मारली. संध्याकाळ होती, ऑक्टोबर असूनही उकडत होतं आणि गाडी तीन किलोमीटर वर. जिवंत मादी सव्वादोनशे किलोच्या घरात असते, हाडं काढून मांस 60-70 किलो निघतं. म्हणजे दोघांना दोन-दोन खेपा. पोट न फाडता, एका कुशीवर ठेवून कातडी सोलायची, पुढचा पाय, मागची मांडी, पाठीच्या कण्यालगतचा लांब पट्टा, मानेचं मांस काढायचं, मग जनावर उलटवायचं. आतला नाजूक तुकडा शेवटी बरगड्यांखाली हात घालून निघतो. हे सगळं आम्ही हेडलॅम्पच्या उजेडात केलं आणि दमून शेवटची मांडी हाडासकट पिशवीत घालून जमिनीवरच ठेवून आलो. सकाळी गेलो तर खुब्याच्या सांध्यापाशी आंबूस वास. जाड मांसात, हाडाभोवती ऊब अडकून राहते, ती बाहेरून कळत नाही. जवळजवळ अख्खी मांडी टाकावी लागली. एवढं मोठं जनावर मारून त्याचं मांस टाकायचं, याची लाज अजून वाटते. तेव्हापासून मी मांडी तिथल्या तिथे हाडापर्यंत चिरून उघडतो आणि सावलीत वाऱ्याला टांगतो. दुसरा नियम, जिथून मांस रात्रीत निघणार नाही तिथे गोळी झाडायची नाही. आणि नर की मादी हे ओळखू येईल असा अवयव एका तुकड्याला मूळचाच चिकटलेला राहू द्या, रस्त्यात तपासतात.

डोंगरातून परत आलात की जनावराचं डोकं सीडब्ल्यूडीच्या (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणीला द्या. हरणांच्या मेंदूचा हा रोग पहिल्यांदा 1967 मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्सला दिसला. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण रोगी जनावर खाऊ नका असाच सरकारी सल्ला आहे. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये. खाटकाकडे देणार असाल तर दुसऱ्याच्या जनावरात मिसळू नका, असं बजावून सांगा.

शिंगांचं विचारलंत. भिंतीवर मान-खांद्यासकट लावायचं असेल तर कातडी खांद्याच्या मागून कापा, गळा चिरू नका. मी नुसती कवटी ठेवतो: मेंदू काढून मंद आचेवर शिजवायची, खळखळ उकळायची नाही, शिंगं पाण्याबाहेर. पांढरी करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीच कधीच नाही, हाड भुसभुशीत होतं. वरच्या जबड्यातले दोन सुळे जपून काढा. क्रो या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायका पोशाखावर ते ओळीने शिवत. शिंगांचा मोह मात्र आवरा. 1995 मध्ये एस्टेस पार्कला सॅमसन नावाचा गावाचा लाडका बुल चोरट्या शिकाऱ्याने मारला. त्यानंतर आलेल्या कायद्यामुळे एका शिंगाला किमान सहा फाटे असलेला बुल बेकायदा मारला तर नेहमीच्या दंडावर आणखी 10,000 डॉलर भरावे लागतात. आणि शिंग भारतात न्यायचा विचार नको.

स्वयंपाकात एकच ध्यानात ठेवा, चरबी सगळी खरवडून काढा. ती मेणासारखी टाळूला चिकटते आणि रस्सा बिघडवते. मांस एरवी इतकं कोरडं असतं की तेल सढळ लागतं. पाठीचा पट्टा लोखंडी तव्यावर दोन्हीकडून मिनिटं-दोन मिनिटं, आत गुलाबी राहू दे. पायाच्या नळ्या कांदा-लसूण मसाल्यात, कुकरला आठ शिट्ट्या. खिमा करताना थोडं बोकडाचं मांस घाला.