लोटे एमआयडीसीत आमच्याकडे क्लोरीनचे 8 टनर (900 किलो क्लोरीन मावणारे मोठे सिलिंडर) असतात. आपत्कालीन आराखडा लागू होतो का?

आजचे 8 मोजून सुटका नाही. 1989 च्या घातक रसायन नियमांत जागेवर जास्तीत जास्त किती साठा असू शकतो, तो धरतात. पावसात परशुराम घाट बंद पडेल या धास्तीने मे महिन्यात 12 टनर भरून ठेवत असाल, तर 12 गुणिले 900 किलो, म्हणजे 10.8 टन. क्लोरीनची खालची मर्यादा 10 टन, तेव्हा ऑन-साइट, म्हणजे कारखान्याच्या आवारापुरता आपत्कालीन आराखडा लागलाच. 25 टनांपासून सेफ्टी रिपोर्टही द्यावा लागतो.

तुमचंच दुसरं शेड 500 मीटरच्या आत असेल तर तिथला क्लोरीनही यात मिळवा, हे लोक हमखास विसरतात (की विसरल्यासारखं करतात!). वाहतुकीच्या ट्रकवरचा माल मात्र धरायचा नाही. स्टोअरचं रजिस्टर काढा, वर्षातला सगळ्यात मोठा साठा त्यात सापडेल.