हालचालीचा प्रयोग स्कॅनरमध्ये नेण्याआधी
एफएमआरआयची, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याची चित्रं घेणाऱ्या स्कॅनरची, घाई करू नकोस. हे यंत्र चेतापेशींचं काम थेट दाखवत नाही. त्यामागून रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये होणारा बदल दाखवतं, आणि तो शिगेला पोचायला 5-6 सेकंद लागतात. त्यामुळे बोट हलवायचा इशारा दिसला, लक्ष वळलं, बोट हललं, सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून इशारा आणि हालचाल यांतलं अंतर बदलतं ठेव. काही वेळा नुसता इशारा दे, हालचाल नकोच. मिलिसेकंदांचा क्रम हवा असेल तर सरळ ईईजी, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, घे.

हालचाल बोटापुरतीच असू दे. खांदा हलला की डोकं हलतं, आणि ते जरासं सरकलं तरी मेंदूच्या कडेला खोटी चमक उमटते. डोळ्यांचीही नोंद ठेव. लोक नकळत इशाऱ्याकडे बघतात; मग मोजलं ते लक्ष की नजर, कोण सांगणार?